भिंत कोणाकडे तोंड करून आहे?

घाटकोपरहून वर्सोव्याकडे निघालेली मेट्रो जागृती नगर सोडून असल्फ्याजवळ येते, तेव्हा डब्यातली दोन-चार माणसं मोबाइलमधून मान वर काढतात. बाहेर डोंगरावर चढत गेलेली वस्ती दिसते. तिच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गुलाबी. 2017 सरता सरता 'चल रंग दे' नावाच्या उपक्रमात स्वयंसेवकांनी त्या रंगवल्या, पहिल्या फेरीत सव्वाशेच्या आसपास. त्यानंतर लगेच 'मुंबईचं पोझितानो' म्हणून त्या डोंगराचे फोटो गाजले. पोझितानो हे इटलीतलं समुद्रकाठचं, श्रीमंत पर्यटकांचं गाव. असल्फ्यात ते नाव ऐकलेलं कोणी मला भेटलं नाही.

मी एका रविवारी उतरून वर चढलो. पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेने पाण्याचे पाइप, निळे ड्रम, दारातल्या चपला चुकवत जायचं. मेट्रोच्या अंगाच्या भिंती रंगीत होत्या. काही गल्ल्यांत चित्रंही होती, चांगली होती. पण आत वळलं की तेच सिमेंट, तोच पत्रा, पावसाळ्यापासून न काढलेली ताडपत्री. ड्रम भरत बसलेल्या एका मावशींना विचारलं, घर रंगवलं ते आवडलं का? "आवडलं की. पण आमच्या दारातून काय दिसतंय? समोर त्यांची भिंत. मेट्रोत बसलं की आमचं घर छान दिसतं." मग हसून म्हणाल्या, नातीला घेऊन एकदा मुद्दाम बसले होते, घर बघायला. तिकिटाचे पैसे गेले.

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मीच ते वाक्य घरी घेऊन आलो आणि ते सुटेना. आपलंच घर बघायला तिकीट काढावं लागतं, कारण रंग घराला लागलाय आणि तोंड मात्र रुळांकडे आहे. तेव्हापासून कुठल्याही शहरात भिंतीवरचं चित्र दिसलं की मी आधी ते कोणाकडे बघतंय हे बघतो. चित्र बरं की वाईट हे नंतर. सध्या आपल्या महापालिका ज्या उत्साहाने भिंती रंगवत सुटल्या आहेत, त्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तो विचारल्याशिवाय यापुढे सार्वजनिक पैशातून एकही भिंत रंगवू नये, असं माझं मत झालंय.

रस्त्यावरची चित्रकला ही न्यूयॉर्क-बर्लिनहून आलेली नवी चीज आहे असं आपल्याकडे समजलं जातं. स्प्रेचा डबा नवा असेल, भिंत नवी नाही. गावाकडे लग्नघर अजूनही दुरून ओळखता येतं. दाराच्या दोन बाजूंना केळीचे खांब, कलश, तुतारीवाले, वर 'शुभविवाह', खाली चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक, तारीख, वेळ. हे गावातल्याच पेंटरने दोन दिवसांत उरकलेलं काम. नवरी नांदायला जाते, बाळंतपणाला येते, पोर शाळेत जायला लागतं, तरी भिंतीवर मुहूर्ताची वेळ तशीच. हे चित्र दोन्हीकडे तोंड करून असतं. गावाला सांगतं की इथे लग्न आहे, आणि घरातल्यांना रोज अंगण झाडताना दिसतं.

शहरातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यात दुसरा प्रकार. वळणावर, पिचकाऱ्या पडतात त्या उंचीला, शंकर, साईबाबा, मक्का आणि येशू यांच्या टाइल्स ओळीने. सर्वधर्मसमभाव इतका बिनबोभाट मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. कलेच्या दृष्टीने शून्य असतील, पण त्या टाइल्स कोणासाठी आहेत, काय सांगायला आहेत आणि कोणी लावल्या, हे जिन्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. निवडणुकीच्या आधी 'ही भिंत राखीव' असं लिहून पक्षाचं नाव टाकणारा कार्यकर्ता तरी वेगळं काय करतो? भिंत ही जागा मोक्याची आहे हे त्याला नेमकं कळलेलं असतं. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे. त्या कायद्याच्या नजरेत विनापरवाना रंगवलेली घोषणा आणि विनापरवाना काढलेला मोर यांत फरक नाही, व्यवहारात मात्र घोषणा निवडणुकीपर्यंत टिकते.

आणि या सगळ्याच्या मागे पेंटर नावाचा माणूस होता. कोल्हापुरात तर हे आडनावच झालं. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' झाले, आणि बाबूराव पुढे सिनेमात गेले तरी आडनाव तेच राहिलं. चित्रकार एम. एफ. हुसेन सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. चौकटी आखून हातभर फोटोवरून चाळीस फुटांचा चेहरा उतरवायचा, परांचीवर असताना नाक कुठे आलंय ते दिसत नाही म्हणून खाली उतरून रस्त्यापलीकडे जाऊन बघायचं, परत चढायचं. हे कसब फ्लेक्सने काही वर्षांत पुसून टाकलं. मोठी भिंत हाताने रंगवू शकणारे शेकडो लोक आपण आधी बेकार केले, आणि मग 'म्युरल आर्टिस्ट' हवेत म्हणून जाहिराती दिल्या.

त्या कसबाची एक भिंत अजून बघायला मिळते. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके. 2014 मध्ये रस्त्यावरच्या चित्रकलेसाठी काम करणाऱ्या स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या महोत्सवात रणजित दहिया यांनी काढलेले, उंची सुमारे 120 फूट. दहिया हरियाणाचे, आणि 2012 पासून 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' म्हणून वांद्र्याच्या गल्लीबोळांत सिनेमातली माणसं काढत आलेले. फाळक्यांचं चित्र मला आवडतं. ते वेगात जाणाऱ्या गाड्यांकडे बघतं हे खरं, पण ज्या शहराने सिनेमावर पोट भरलं त्याला सिनेमाच्या बापाचा चेहरा दाखवतं. त्र्यंबकेश्वरचा माणूस, 1913 चा 'राजा हरिश्चंद्र', आणि त्याचा फोटो किती मराठी घरांत आहे? भिंतीने निदान ती उधारी फेडली.

तिथून चालत चॅपल रोडला, रणवार गावठाणाकडे गेलं की प्रकरण गुंतागुंतीचं होतं. जुनी बैठी घरं, लाकडी जिने, क्रूस, आणि मधल्या भिंतींवर अनारकली, राजेश खन्ना, कुठून कुठून आलेल्या परदेशी चित्रकारांनी सोडलेल्या खुणा. मी स्वतः तिथे तीनदा रस्ता चुकलोय आणि तिन्ही वेळा बरं वाटलं. पण शनिवारी दुपारी गेलात तर एखाद्या आजी दाराआड उभ्या दिसतात. दारासमोर कोणीतरी पोज देत असतं, आणि फोटो होईपर्यंत बाहेर पडायची पंचाईत. रस्त्यावरचं चित्र कळत-नकळत भाड्याच्या जाहिरातीचं काम करतं, आणि चित्र टिकतं तेव्हा कधीकधी भाडेकरू टिकत नाहीत. बर्लिनमध्ये क्रॉइट्सबर्गला ब्लू या चित्रकाराची दोन प्रचंड भित्तिचित्रं होती. समोरच्या मोकळ्या जागेवरची वस्ती हटवून इमारती बांधायचं घाटू लागलं, तेव्हा 2014 च्या डिसेंबरात ती चित्रं एका रात्रीत काळी फासली गेली, खुद्द चित्रकाराच्या संमतीने. माझ्या चित्राच्या जिवावर फ्लॅट विकायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. मला तो निर्णय तेव्हा आततायी वाटला होता. चॅपल रोडच्या आजींना पाहिल्यावर तितका वाटत नाही.

ससून डॉकला मात्र वेगळं काहीतरी घडलं होतं. 1875 चा हा धक्का, पहाटेचा लिलाव, बर्फ फोडण्याचे आवाज, कोळंबी सोलत बसलेल्या बायकांच्या रांगा. 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या जुन्या गोदामांत कलामहोत्सव भरला आणि बाहेरच्या भिंतींवर तिथेच काम करणाऱ्या कोळी माणसांचे काळे-पांढरे, मजलाभर उंचीचे फोटो चिकटवले गेले. दक्षिण मुंबईतली मंडळी नाकाला रुमाल लावून आली. त्यांना हसण्यात अर्थ नाही, मीही पहिल्या दिवशी लावला होता. पण त्या भिंतीखाली उभं राहिलं की गंमत दिसायची. वरचा चेहरा आणि खाली टोपली घेऊन चाललेली बाई एकच. ती वर बघायची, सोबतिणीला कोपर मारायची. पाहुण्यांसाठी लावलेली चित्रं पाहुण्यांच्या आधी धक्क्यावरच्या लोकांनी बघितली होती आणि त्यावर त्यांची मतंही होती: हिचा फोटो चांगला आला, तिचा कसा रागीट. कलेच्या भाषेत याला काय म्हणतात ते जाणकार सांगतील. ते बघून मला मात्र गावाकडचं लग्नघर आठवलं.

पणजीतही असंच झालं. 2019 मध्ये सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या वेळी चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सौझांचा नातू सोलोमन सौझा याने शहराच्या भिंतींवर गोव्यातल्याच कर्तृत्ववान माणसांचे चेहरे काढले. चित्रकार परदेशात वाढलेला, हातात स्प्रेचे डबे, पण चेहरे इथले. त्यामुळे 'हे कोण?' असं मुलाने विचारलं तर उत्तर देऊ शकणारा माणूस चार पावलांवर सापडण्याची शक्यता बरीच. कोण काढतं यापेक्षा कोणाचं काढतं आणि कोणासमोर काढतं याने जास्त फरक पडतो, असं माझ्या भटकंतीचं तरी सांगणं आहे.

आता महापालिकांकडे वळू, कारण आज सर्वांत जास्त भिंती त्याच रंगवतात. 2016 पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं, शहरांचे क्रमांक लागू लागले, आणि भिंती अचानक बोलू लागल्या. काय बोलतात ते तुम्हाला पाठ असेल: दोन हातांत पृथ्वी, चष्मा, झाड, त्या झाडाची पानं म्हणजे पक्षी, एक मुलगी पुस्तक घेऊन, एक फुलपाखरू. जळगावात, नांदेडात, पनवेलीत तेच झाड. शहराचं नाव झाकलं तर आपण कुठे आहोत ते कळू नये, याला मी सुशोभीकरण म्हणत नाही. हा निविदेतला चौरस फुटांचा दर आहे. कंत्राटदाराला भिंत मोजून पैसे मिळतात, मग तो दाट काम कशाला करेल? मोठी पानं काढली की भिंत लवकर भरते.

वारली चित्रांचं या निविदांनी जे केलंय त्याची तर लाज वाटावी. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने, बांबूच्या काडीने, लग्नाच्या वेळी सवाष्णींनी लिहायचा तो चौक, त्यात पालघाट देवी. त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात हे चित्र विधीतून बाहेर काढून रोजच्या जगण्यात आणलं, जगभर नेलं, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषेतल्या माणसाला वजन आहे, तो वाकतो तेव्हा खरोखर काहीतरी उचलतोय असं वाटतं. पालिकेच्या भिंतीवरची वारली माणसं म्हणजे दोन त्रिकोण आणि एक टिंब, स्टेन्सिलने छापलेली, पोलीस चौकीपासून सुलभ शौचालयापर्यंत सगळीकडे तारप्याभोवती फेर धरलेली. त्या कंत्राटात किती वारली चित्रकार असतात हे एकदा पालिकांनी जाहीर करावं. बरं, वारलीच हवी असेल तर पालघर काही लांब नाही, लोकल जाते.

यातलं सगळ्यात उघड रूप जी-20 च्या वेळी दिसलं. 2022 च्या डिसेंबरात मुंबईत आणि पुढच्या जानेवारीत पुण्यात बैठका झाल्या. पाहुण्यांच्या वाटेवरच्या भिंती रातोरात रंगल्या, आणि मुंबईत काही झोपडवस्त्यांपुढे चक्क पडदे लागले. मला त्या पडद्यांचा राग आला नाही, उलट त्यांनी प्रामाणिकपणे सगळं सांगून टाकलं. रंग हाही पडदाच होता, फक्त तो काढून घेता येत नव्हता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. असल्फ्याच्या मावशींना रंग आवडला होता, हे मीच वर सांगितलं. रंगाने कचरा टाकायची जागा बदलते, मुलांना आपल्या वस्तीचं नाव सांगताना खालमानेने बोलावं लागत नाही, रिक्षावाला 'त्या रंगीत डोंगरावर ना?' म्हणून ओळखतो. करड्या शहरात कोणी रंग आणतोय तर त्यालाही नावं ठेवायची, हा मध्यमवर्गीय टीकाकारांचा आवडता खेळ झाला, असं एक मित्र मला तोंडावर म्हणाला. त्याचं म्हणणं अर्धं मान्य. मी रंगाच्या विरोधात नाहीच. ज्या भिंतीला ओल आहे तिला चित्राआधी गिलावा हवा, एवढं साधं सांगतोय. वॉटरप्रूफिंग न करता वर इमल्शन मारलं की दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि सोललेला मोर हा कोऱ्या सिमेंटपेक्षा जास्त भकास दिसतो. आणि गिलावा हवा का, हे विचारायला घरात जावं लागतं. मेट्रोतून ओल दिसत नाही.

विचारणं ही गोष्ट आपल्याला अवघड का जाते कोण जाणे. माहीम ते दादर, तुळशी पाइप रोडच्या रेल्वेलगतच्या लांबलचक भिंतीवर 2009 मध्ये वॉल प्रोजेक्टच्या पुढाकाराने पालिकेने सामान्य लोकांना चित्रं काढू दिली होती. शेकडो माणसं आली. चित्रकार होते तसे कॉलेजची पोरं, बँकेतले लोक, लहान मुलांना घेऊन आलेल्या आया. चित्रं कशी होती? बरीचशी यथातथा. काही भयंकर. पण ती भिंत महिनोन्महिने लोकांनी चालत बघितली, आपल्या ओळखीच्या माणसाने काढलेला चौकोन शोधत. वाईट चित्राचा चित्रकार ओळखीचा असला की ते सहन होतं, हे प्रत्येक मराठी घरातल्या फ्रिजवरून सिद्ध झालेलं आहे.

नावाचाही प्रश्न आहेच. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ते कोरवून घेणाऱ्या वराहदेवाचं, वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याचं नाव शिलालेखात आहे. बोधिसत्त्वाचे डोळे ज्याने काढले त्याचं नाव कुठे आहे? दीड हजार वर्षांनंतर आपण फार पुढे आलेलो नाही. उड्डाणपुलाखालच्या खांबांवर रंग पुरवणाऱ्या कंपनीचा शिक्का हातभर, नगरसेवकाचा फोटो त्याहून मोठा, आणि रंगवणाऱ्या पोराचं नाव असलंच तर कुठेतरी तळाशी, जिथे स्कूटर लावल्या जातात.

चित्र पुसलं गेलं तर काय, हे कायद्यालाही धड ठरवता आलेलं नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं 140 फूट लांबीचं कांस्य भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रताधिकार कायद्याच्या कलम 57 प्रमाणे कलाकृती विकली तरी तिची मोडतोड होऊ नये हा कलाकाराचा हक्क उरतो. पाच लाखांची भरपाई आणि जे काही उरलं होतं ते परत. पण दिल्लीच्याच प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स 2017 मध्ये पाडल्यावर वास्तुविशारद राज रेवल त्याच न्यायालयात गेले, तेव्हा 2019 मध्ये उत्तर आलं की मालकाला स्वतःची इमारत पाडण्यापासून रोखता येणार नाही. म्हणजे कलाकृती मोडून ठेवली तर दोषी, समूळ नाहीशी केली तर मोकळे. दोन्ही निकालांना आपापली कारणं आहेत, एक शिल्प होतं आणि एक इमारत, तरी रस्त्यावरचा चित्रकार या दोहोंच्या मधे लोंबकळतो. त्याचं चित्र शिल्पासारखं, पण चिकटलंय दुसऱ्याच्या इमारतीला.

माझं स्वतःचं मत इथे थोडं विचित्र वाटेल. भिंतीवरचं चित्र कायम राहावं असं मला वाटत नाही. लग्नघराचं चित्र पुढच्या लग्नाला पुसतात, वारली चौक पुढच्या लग्नात नव्याने लिहितात. ऊन-पाऊस झेलणाऱ्या चित्राचं आयुष्य पाच-सात वर्षांचं, तेवढं पुष्कळ झालं. पुसण्याआधी चित्रकाराला एक फोन करावा, आणि समोर राहणाऱ्यांना विचारावं की आता काय हवंय. निविदेत चौरस फुटाच्या दराशेजारी या दोन ओळी घालायला कुठलं धोरण लागतं? त्या भिंतीच्या समोर कोणाचं दार उघडतं याची यादी वॉर्ड ऑफिसकडे असतेच. मालमत्ता कराची बिलं त्याच यादीवरून जातात.

आमच्या उपनगरातली एक भिंत सांगतो. शाळेच्या कुंपणाची, पस्तीसेक फूट लांब. गेल्या वर्षी तीही यादीत आली. नमुना ठरलेला: समुद्र, मासे, एक कासव. त्या भिंतीला लागून इस्त्रीवाल्या काकांचं टेबल आहे, वीसेक वर्षं तरी. पावसात ते भिंतीत ठोकलेल्या दोन खिळ्यांना ताडपत्री बांधतात. रंगवायला आलेला पोरगा पंचविशीचा, कानात बुंदे, पॅन्टवर आधीच्या सगळ्या भिंती. त्याने प्रायमर मारायच्या आधी विचारलं, "काका, खिळे काढू का?" काका म्हणाले, "काढ, पण परत ठोकायला तू येणारेस का जूनमध्ये?" पोरगा थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने खिळे तसेच ठेवले, ताडपत्री भिंतीला जिथे घासते तेवढा पट्टा कोराच सोडला, आणि टेबलाच्या उंचीला, जिथे काका दिवसभर बघतात तिथे, सांगितलेल्या नमुन्यात नसलेली एक छोटी होडी काढली. काकांचं गाव रत्नागिरीकडचं, हे त्याने मधल्या चहाला विचारून घेतलं होतं.

काम तपासायला आलेल्या साहेबांनी फोटो काढला आणि कोऱ्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे अर्धवट आहे, एवढ्या फुटांचे पैसे कापले जातील. कापलेही. होडी रस्त्यावरून दिसत नाही. कपडे द्यायला गेलं आणि काकांनी चिठ्ठी लिहीपर्यंत टेबलाशी थांबलं, तरच दिसते.